मनी म्हणजे घर

माझी मुलगी दोन वर्षांची होऊन गेली तरी बोलत नव्हती, आणि मी जळकोटच्या शाळेत मराठी शिकवत होते. शिक्षकांच्या खोलीत एकदा कुणीतरी म्हणालं, "मराठीच्या मॅडमच्या घरी सध्या मौनव्रत चाललंय." सगळे हसले, मीही हसले. डबा मात्र त्या दिवशी तसाच परत आणला.

आम्ही दोघं मूळचे संगमनेरकडचे. नवरा वीज खात्यात. त्याची बदली नळदुर्गला झाली तेव्हा मुलगी अगदी मांडीवरची होती. हायवेवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत आम्हाला वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या. खाली घरमालक राहायचे. ते शिंपी, दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. मुली लग्न होऊन हैदराबादकडे गेलेल्या, त्यामुळे घरात दोघंच. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली खाला म्हणायची, म्हणून मीही खाला म्हणू लागले.

घर बघायला गेलो तेव्हा खाला पुढं आणि आम्ही मागं असे जिना चढत होतो. "पानी एक दिवसाआड येतंय. मोटर म्या लावते, तुमी फकस्त नळ सोडून ठिवा," त्या मला म्हणाल्या. मग खाली दुकानाकडं तोंड करून, "अजी, उप्पर की चाबी कां रखे?" आणि लगेच शेजारच्या भिंतीवरून डोकावणाऱ्या एका म्हातारीला तिसऱ्याच भाषेत काहीतरी, ज्यातलं मला अक्षर कळलं नाही. मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही. डोळे मिटून ऐकत असते तर जिन्यावर तीन बायका आहेत असं समजले असते.

भिंतीवरून डोकावणारी ती म्हातारी म्हणजे अव्वा. शेजारच्या लिंगायत घरातली. कर्नाटकातल्या आळंदकडून लग्न होऊन इकडं आलेली. खालांचं माहेरही त्याच बाजूचं. दोघींची गावं वेगळी, घरं वेगळी, देव वेगळे, पण इथं आल्यावर दोघींनी एकमेकींना बोलण्यावरून ओळखलं म्हणे. दुपारी सगळं आवरलं की अव्वा तिच्या घरून सूप घेऊन यायची, खाला आतून तूर नाहीतर ज्वारी आणायच्या, आणि खालच्या ओट्यावर दोघींचं कानडी सुरू व्हायचं.

मला हे सगळं फार नवलाचं वाटायचं. संगमनेरला आमच्या घरी एकच भाषा. हिंदी टीव्हीपुरती आणि इंग्रजी शाळेपुरती. इथं खाला नवऱ्याशी दखनी बोलायच्या. दखनी म्हणजे या भागातलं उर्दू, पण पिढ्यान्‌पिढ्या मराठीच्या शेजारी राहून तिच्यात मुरलेलं. आपला 'नको' तिच्यात 'नक्को' होतो, म्हणजे नकार जरा जास्त पक्का. 'हळू'चं होतं 'हल्लू'. जिन्यावर मी मुलीला घेऊन घाईनं उतरले की खाला खालून ओरडायच्या, "हल्लू, बेटी, हल्लू!" मला ते इतकं आवडलं की मीही मुलीला 'हल्लू हल्लू' म्हणायला लागले. असे पाच-सहा शब्द आले तेवढ्यावर मला वाटायला लागलं, आपल्याला इथलं कळायला लागलं.

मुलगी चालायला लागली आणि मला जळकोटच्या शाळेत जागा मिळाली. प्रश्न होता तिला कुणाकडं ठेवायचं. मी पाळणाघर शोधत फिरतेय हे खालांना कळलं तेव्हा त्या रागावल्याच. "इथं दोन म्हाताऱ्या रिकाम्या बसल्यात. एका पोट्टीला सांभाळायला काय हत्ती लागतो व्हय?" दुसऱ्या दिवसापासून मुलगी खाली. मी सकाळी काळी-पिवळी जीप पकडून जळकोटला जायचे आणि दुपार कलली की परत यायचे. मी यायचे तेव्हा ती ओट्यावर दोघींच्या मधोमध बसलेली असायची, तोंडाला गूळ लागलेला, आणि मला बघून हसायची. पण बोलायची नाही.

सुरुवातीला आम्ही मनावर घेतलं नाही. मग दिवाळीला गावी गेलो. जावेचा मुलगा हिच्याहून लहान, तो "आजी, लाडू दे" म्हणत घरभर फिरत होता. सगळ्यांनी आधी त्याच्याकडं पाहिलं, मग हिच्याकडं, मग माझ्याकडं. सासूबाईंनी वेखंड उगाळून जिभेला लावायला दिलं. निघताना म्हणाल्या, "पोपटानं उष्टावलेला पेरू मिळाला तर बघ. वाचा फुटते."

पेरूचं मी खालांना सांगितलं. त्यांनी कुणाच्या तरी मळ्यातून खरंच एक टोचा मारलेला पेरू आणवला, धुवून हिला खायला घातला, आणि मग मला म्हणाल्या, "खाऊ दे, पेरू चांगलाच असतोय. पर ही बोलती की वो बाई. दिसभर बोलती."

मला वाटलं, धीर देतायत. आईचं तोंड उतरलेलं बघून बायका बोलतात तसं.

कारण वरती, आमच्या दोन खोल्यांत, ती जे काढायची त्याला आवाजच म्हणावं लागायचं. "ओना" असं काहीतरी म्हणायची. ते आम्हाला 'हो ना' वाटायचं. काहीही विचारलं तरी "ओना". नवरा म्हणायचा, "चला, निदान होकारार्थी आहे." कधी हात हलवत "बा, बा" करायची. नवरा खूश व्हायचा, कारण त्याला वाटायचं बाबांना हाक मारतेय. तो जवळ यायचा, ती त्याला तिथंच सोडून दाराकडं चालू लागायची आणि पुन्हा "बा". एकदा मी तिला झोपाळ्यावर घेऊन झोके देत होते. ती एकदम म्हणाली, "हालू." मी चकित झाले. खालांचा 'हल्लू' हिनं उचलला! मी झोका कमी केला. "हालू!" मी आणखी कमी केला. ती चिडली, हातपाय झाडायला लागली, "हालू, हालू!" शेवटी मी झोपाळा पूर्ण थांबवला तेव्हा तिनं भोकाड पसरलं. काय चुकलं ते मला कळेना.

आणि 'मनी'. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून ती खाली बोट दाखवायची आणि म्हणायची, "मनी." हा मात्र शब्द होता, स्वच्छ, मराठी शब्द. मी तिला उचलून खाली बघायचे. मांजर कुठंच नसायचं. मी म्हणायचे, "मनीमाऊ गेली गं. पळाली मनीमाऊ." नवऱ्यानं तिच्यासाठी मांजरांचं रंगीत पुस्तक आणलं. तिनं ते उघडून पाहिलं, मांजरावर बोट ठेवलं आणि काहीच बोलली नाही.

आम्ही तिला सोलापूरला एका डॉक्टरांकडे नेलं. पन्नाशीचे, शांत गृहस्थ. त्यांनी कान तपासून घेतले, कान ठीक होते. तिच्याशी खेळले. मग आम्हाला विचारलं, "घरात भाषा कोणती?"

"मराठी," मी म्हणाले.

"दिवसभर कुणाकडं असते?"

मी सांगितलं. खाला, अव्वा, दखनी, कानडी. सांगताना मला जरा कौतुकच वाटत होतं. डॉक्टर मात्र पेन खाली ठेवून ऐकत होते. "बघा," ते म्हणाले, "मुलाच्या कानावर इतकं वेगवेगळं पडलं की कधी कधी गोंधळ उडतो. काही महिने एकच भाषा ठेवून बघा. तुमची मराठी. ती पक्की झाली की बाकीच्या येतील मागून."

त्यांचं बोलणं सौम्य होतं आणि पटण्यासारखं होतं. परतताना एसटीत आम्ही ठरवलं. मी शाळेतून रजा घेतली. आता राहिलं खालांना सांगणं.

मी खाली गेले. अव्वाही होती. मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं, जितकं मऊ करून सांगता येईल तितकं. खालांनी सूप बाजूला ठेवलं.

"म्हंजे आमच्या बोलण्यानं पोट्टी मुकी झाली?"

"तसं नाही हो, खाला."

"मी मराठीच बोलते की तिच्यासंगं. येतंय मला. अव्वाला बी सांगते." त्यांनी अव्वाला कानडीत सांगितलं. अव्वा तिच्या तुटक मराठीत म्हणाली, "मी गप बसतो की. नुसता धरून बसतो. बोलत न्हाय."

"थोडेच दिवस," एवढं म्हणून मी वर आले.

मग आमच्या घरात मराठीचा अभ्यास सुरू झाला. मी तिला खिडकीशी उभी करायचे. "हे काय? चिमणी. म्हण, चि-म-णी." ती चिमणीकडं बघायची, माझ्या तोंडाकडं बघायची. दूध, कप, भाकरी, डोळा, नाक, चप्पल. शाळेत मी पोरांना जसं शुद्धलेखन सांगते तशी मी घरात बोलत होते, एकेक अक्षर निवडून. आणि ती दिवसेंदिवस गप होत चालली. आधीचे 'ओना' आणि 'बा' तेही कमी झाले. जिन्याला आम्ही लाकडी फळी आडवी लावली होती. तिच्यामागं उभी राहून ती खालच्या ओट्यावरचं कानडी ऐकत राहायची. दुपारी अव्वाचा आवाज आला की खेळणं हातातून टाकून फळीपाशी जायची. कधी हळूच म्हणायची, "मनी."

रजा संपत आली. नवऱ्यानं काही दिवस सुट्टी काढून घरी राहायचं ठरवलं, आणि मी पुन्हा जळकोटला जायला लागले.

त्याच आठवड्यातली गोष्ट. शाळा सुटली होती, परतीच्या जीपची वाट बघत मी फाट्यावरच्या चहाच्या टपरीपाशी उभी होते. बाकावर एक बाई नातवाला घेऊन बसली होती. पोरगं हिच्याएवढंच. बाईनं चहा बशीत ओतला, पोरानं हात पुढं केला, तशी तिनं बशी झटकन मागं घेतली. "बिशी ऐती, बिशी!" आणि बशीवर फुंकर घालायला लागली.

मी जागच्या जागी उभी राहिले. आदल्याच दिवशी सकाळी मुलीनं गरम दुधाच्या पेल्याला बोट लावलं होतं, बोट मागं घेतलं होतं आणि म्हणाली होती, "बिशी." मी तिला पिशवी आणून दाखवली होती.

"मावशी," मी त्या बाईंना विचारलं, "बिशी म्हणजे काय?"

बाईंना प्रश्नाचं हसू आलं. "बिशी म्हंजे गरम, बाई. आमचं कानडी हाय ते."

"आणि हालू?"

"हालू? दूध की."

"मनी म्हणजे काय हो?"

"मनी म्हंजे घर." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाल्या, "शिकाया लागलाव का कानडी? कुणी शिकवतंय?"

जीप आली, भरली आणि गेली. मी त्या बाईंना आणखी विचारत बसले. त्यांचं पोरगं बशीतला चहा ओरपत आमच्याकडं टकमक बघत होतं. 'बा' म्हणजे ये, हे कळलं तेव्हा मला आधी नवऱ्याचा चेहरा आठवला आणि मी मोठ्यानं हसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते मात्र 'मनी'नं. ती जिन्यावर उभी राहून मांजर दाखवत नव्हती. खाली बोट दाखवून सांगत होती, घर. घरी जायचंय. आणि ज्या घरी जायचं होतं ते वरचं नव्हतं.

नळदुर्गला उतरले ती वर गेलेच नाही. ओट्यावर दोघी होत्या. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "खाला, ती काय काय बोलते ते मला सांगा. सगळं."

खालांनी माझ्याकडं बघितलं. मी काय विचारतेय हे त्यांना पहिल्यांदा कळेना. "बोलती ते? तुमाला न्हाय ठाव?"

"मला कसं ठाऊक असणार? मला कानडी येत नाही."

"अगं बाई," खाला म्हणाल्या, आणि तोंडावर पदर घेऊन हसायला लागल्या. अव्वाला कानडीत सांगितलं, तशी अव्वाही खुदखुदली. मग दोघी एकदम बोलायला लागल्या. चिमणीला गुब्बी म्हणते. पुरे झालं की साकू म्हणते. दुकानातल्या मशिनीजवळ जाऊन "अब्बा, टकटक" म्हणते. "आन 'होना' म्हंती की," खाला म्हणाल्या. "पानी होना, गुड होना. होना म्हंजे पायजे." आमचा 'हो ना'! पोरगी महिनोन्‌महिने 'पाहिजे, पाहिजे' म्हणत होती आणि आम्ही तिला होकारार्थी म्हणत होतो.

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की," खाला म्हणाल्या. "बोलती म्हनून सांगितलं. तुमी म्हनला बोलत न्हाय. मला वाटलं, तुमाला मराठी पायजे. मराठी न्हाय बोलत ती, खरंय."

तेवढ्यात वरून नवऱ्यानं हाक मारली. तो फळीपाशी मुलीला कडेवर घेऊन उभा होता. मी खालून हात केला आणि म्हणाले, "बा."

नवऱ्याला वाटलं, मी त्याची चेष्टा करतेय. मुलीनं मात्र मान पुढं काढून माझ्याकडं असं पाहिलं की जणू एखाद्या खुर्चीनं तोंड उघडलं आहे. फळी काढून नवरा खाली आला. ती त्याच्या कडेवरून उतरली, अव्वाच्या मांडीत जाऊन बसली आणि सुपातली तूर मुठीत घेतली. अव्वानं काही न बोलता तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडं बघून विचारलं, "आता बोलू?"

"बोला, अव्वा," मी म्हणाले. "भरपूर बोला."

पुढच्या वेळी सोलापूरला गेलो तेव्हा मी डॉक्टरांना हे सगळं सांगितलं. थोडी धास्तीच होती, कारण त्यांचं सांगणं आम्ही अर्ध्यावर मोडलं होतं. ते ऐकत राहिले. 'हालू'पाशी हसले. 'मनी'पाशी हसले नाहीत.

"मनी," ते म्हणाले. "आमच्यात इल्लू म्हणतात."

"तुमच्यात म्हणजे?"

"तेलुगू. आमचं घर विणकरांचं. आजी-आजोबा तिकडून आलेले. मी शाळेत जाईपर्यंत मला मराठी येत नव्हतं." त्यांनी मुलीच्या हातातला ठोकळा घेऊन दुसऱ्या ठोकळ्यावर ठेवला. "तुम्हाला जे सांगितलं तेच मी माझ्या घरी केलं. मुलांशी फक्त मराठी आणि इंग्रजी. मुलं छान बोलतात. माझ्या आईशी मात्र त्यांचं बोलणं जेवलीस का, बरी आहेस का, एवढ्यावर संपतं."

मग ते म्हणाले, "सगळ्या भाषांतले शब्द एकत्र धरले तर तुमची मुलगी अजिबात मागं नाही. तिला होती तिथं परत ठेवा. आणि तुम्ही मराठी बोलत राहा, पण शिकवू नका. गप्पा मारा."

निघताना ते खाली वाकून तिला तेलुगूत काहीतरी म्हणाले. तिनं उत्तर दिलं नाही. पण त्यांच्या ओठांकडं ती फार लक्षपूर्वक बघत होती, दाराबाहेर पडेपर्यंत मान वळवून.

त्यानंतर मराठी कधी आली ते मला नेमकं सांगता येणार नाही. पाऊस सुरू झाला होता एवढं आठवतं. एका सकाळी मी घाईत वेणी घालत होते आणि ती मागून म्हणाली, "आई, चप्पल कुटं?" मी कंगवा हातात धरून तशीच बसून राहिले. ती पुन्हा म्हणाली, "कुटं?" 'कुठं' नाही, 'कुटं'. म्हणजे तिची मराठीही माझी नव्हती, इथलीच होती. शाळेत मी शिकवायचे ती भाषा तिनं कधीच उचलली नाही. त्याऐवजी ती गल्लीची मराठी 'लई' आणि 'न्हाय' करत बोलू लागली, आणि मी एकदाही दुरुस्त केलं नाही.

मला मात्र आता खरी ओढ लागली होती. मी खालांकडून दखनी आणि अव्वाकडून कानडी शिकायला लागले. माझी जीभ जड. माझं कानडी ऐकून अव्वा डोळे पुसायची. मुलीचं वागणं बघण्यासारखं होतं. तिच्या लेखी माणसाला नाक असतं तशी प्रत्येकाला एक भाषा असते. खालांकडं वळली की दखनी, अव्वाकडं वळली की कानडी, माझ्याकडं मराठी. एकाच वाक्यात दोघींना उत्तर द्यायचं असेल तर अर्धं वाक्य इकडं आणि अर्धं तिकडं. खाला अव्वाशी कानडी बोलतात हे तिला मान्य होतं, कारण ते ती मांडीवर असल्यापासून ऐकत होती. पण एकदा मी तिला जेवायला वाढताना मोठ्या हौसेनं कानडीत विचारलं, "येन बेक?" काय हवं?

तिचा घास हातातच राहिला. "तू नको बोलू," ती म्हणाली.

"का गं?"

"ते अव्वाचं हाय. तू आई हायस."

नवरा भाकरी मोडत होता, तो हसून हसून ठसकला. मी तिला समजवायला गेले की कुणीही कुठलीही भाषा शिकू शकतं, ती कुणाच्या मालकीची नसते. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता मराठीत विचार." मी मराठीत विचारलं. तिनं मराठीत वरण मागितलं आणि जेवायला लागली. हा नियम तिनं बरेच दिवस पाळायला लावला. मी खाली जाऊन अव्वाशी कानडी बोललेलं तिला चालायचं. घरात मात्र नाही.

आता ती दुसरीत आहे. नियम सैल झालेत. शाळेतल्या मैत्रिणींमध्ये कुणी बंजारा तांड्यावरची आहे, तिच्याकडून तिनं मोजायला शिकून घेतलंय आणि ते ती आम्हाला सांगत नाही, कारण ते गुपित आहे. हायवेवरच्या ढाब्यावर जेवायला गेलो की ती ट्रकच्या मागची अक्षरं बघत बसते आणि विचारते, ही गोल गोल कुणाची, ही चौकोनी कुणाची. मला निम्मी सांगता येत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात संगमनेरला गेलो होतो. दुपारी सासूबाई कैऱ्या चिरत होत्या आणि ही त्यांच्याजवळ फोडींना मीठ चोळत बसली होती. तिनं विचारलं, "आजी, तुझ्या भाषा कोणत्या?"

"माझी एकच गं. मराठी."

"एकच?" तिच्या आवाजात इतकी कीव होती की सासूबाईंनी विळी थांबवली. "मग दुसरी लागली तर?"

"लागायचं काय त्यात?" सासूबाई म्हणाल्या. पण त्या विचारात पडलेल्या दिसल्या. बऱ्याच वेळानं, कैऱ्या चिरून झाल्यावर, त्या एकदम म्हणाल्या, "एक येते बघ, चकार. लहानपणी आम्ही मैत्रिणी बोलायचो, मोठ्यांना कळू नये म्हणून. पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि त्याच्या जागी च. पाणी म्हणजे चाणीप."

"आणि भाकरी?"

"चाकरीभ."

मी या घरात येऊन इतकी वर्षं झाली, पण सासूबाईंना मी अशी कधी पाहिली नव्हती. सत्तरीची बाई, हाताला कैरीचा चीक, आणि नातीशी चकारात इतक्या वेगानं बोलतेय की आम्हाला काही कळत नाही. सासरे ओसरीवरून आत डोकावले. "हे काय चाललंय?" असं त्यांनी विचारलं. त्यांना दोघींनी मिळून जे उत्तर दिलं ते त्यांना समजलं नाही आणि ते पुन्हा बाहेर गेले.

नळदुर्गला परतलो त्याच दुपारी मुलगी खाली पळाली. मी बॅगा उघडून कपडे काढत होते, खालून आवाज येत होते. ती अव्वाला चकार शिकवत होती. कानडीतून. अव्वाची जीभ वळत नव्हती, खालांना वेळ लागत होता पण जमत होतं, आणि दुकानातून शिंपीचाचा मध्येच आपले शब्द सुचवत होते.

"इद याव भाषा?" अव्वानं शेवटी वैतागून विचारलं. ही कुठली भाषा?

"आजीची," मुलगी म्हणाली. "संगमनेरची."

"मग तिकडं सगळे असंच बोलत्यात?" खालांनी विचारलं.

मी जिन्यावर येऊन थांबले. ती काय सांगते ते मला ऐकायचं होतं. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "न्हाय, फक्त लपवायचं असलं की." त्यावर खाला म्हणाल्या, हे तर लई कामाचं आहे, आणि अव्वाला पुन्हा पहिल्यापासून शिकव, असं तिला सांगितलं.